मामाचा रकाना

मलकापूर, २१ डिसेंबर

गौसिया,

“कागद सरला का आपून सरलो, वंदे.”

तू हे म्हणालीस तेव्हा तो नांदुऱ्याचा माणूस नुकताच गेला होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याला छापून नको होती, मोबाइलवर फिरवायला व्हिडिओ हवा होता. तू त्याला बसायला स्टूल दिलंस, पाणी दिलंस, स्टेशन रोडवरच्या स्टुडिओचा पत्ता सांगितलास, आणि तो वळल्यावर कटिंग मशीन पुसता पुसता एवढंच बोललीस. मी हसण्यावारी नेलं. त्याला किती वर्षं झाली. तू गाळा सोडून लोणारला गेलीस त्यालाही आता बरेच दिवस झाले, पण ते वाक्य इथेच राहतं. सकाळी शटर वर केलं की आधी ते भेटतं.

हे कागदावर लिहिते आहे, कारण बोर्डावरचं तुझं नाव मी काढलं नाही म्हणून फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. निघायची असेल तर मीच काढेन, कारण आता बातमी ऐक: मी वेबसाइट बनवायला शिकले आहे.

हसून घे. मी थांबते.

मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून शिकते आहे. सुरुवातीला कुणालाच सांगितलं नाही. ज्या टेबलावर आपण दोघींनी अख्ख्या तालुक्याच्या लग्नपत्रिका जुळवल्या, त्याच टेबलावर मोबाइल टेकवून हिंदीतले धडे बघायचे आणि कॉम्प्युटरवर तसंच लिहून पाहायचं. मागच्या खोलीत सासूबाईंना, आमच्या शालूबाईंना, वाटायचं की मी मालिका बघते. एकदा मी बनवलेलं बटण पहिल्यांदा चाललं, म्हणजे दाबल्यावर खरंच पान उघडलं, तर मी टाळी वाजवली. शालूबाई आतून ओरडल्या, “काय झालं वं? मेली का थे सवत?”

तुला समजेल असं सांगते. एचटीएमएल म्हणजे मजकूर, त्यात कोण काय आहे ते नेमून द्यायचं: हा मथळा, हे वधूचं नाव, हा पत्ता. सीएसएस म्हणजे मांडणी, तुझं खातं. आणि जावास्क्रिप्ट म्हणजे कागदाला जे कधी जमलं नाही ते, बोट लावलं की काहीतरी घडणं. पहिली दोन मला माहेरची वाटली. तिसरीने रडवलं.

डिंपल आठवते? सराफ्यातल्या साडीवाल्यांची, जिच्या पत्रिकेवर आपण मोर उलटा छापला होता. ती पुण्यात मोठ्या कंपनीत आहे आणि नवीन मुलं घेताना मुलाखतीला बसते. यंदाच्या दिवाळीला आली तेव्हा गाळ्यात डोकावली. माझा पसारा पाहून म्हणाली, “आंटी, हे तर ज्युनिअर वेब डेव्हलपरचं काम आहे! अर्ज का नाही करत?”

मी म्हटलं, “माझ्याकडे साधं सर्टिफिकेट नाही गं.”

“सर्टिफिकेटचा ढीग असतो माझ्या टेबलावर. काम दाखवा. दोनच दाखवा, पण पूर्ण केलेलं, नेटवर चालू असलेलं, मोबाइलवर नीट दिसणारं. आणि ‘असं का केलं’ विचारलं तर सांगता यायला पाहिजे.”

त्याच संध्याकाळी मी तिला माझं पहिलं पान पाठवलं. पत्रिकेचंच होतं, आपल्या जुन्या फाइलमधून मजकूर उचललेला, वर गजानन प्रसन्न, खाली सहकुटुंब सहपरिवार. माझ्या पडद्यावर इतकं देखणं दिसत होतं की सासूबाईंनी हात जोडले. डिंपलचा फोन आला, तिला हसू आवरेना. “आंटी, हे कोणत्या देशाचं लग्न आहे?”

तिच्याकडे सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा! आपले छपाईचे जुने फॉन्ट, गौसिया. ते आपल्या कॉम्प्युटरवर आहेत म्हणून इथे मराठी दिसतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट नाहीत, म्हणून तिथे उघडे पडलेले ए, बी, सी. छापून हातात कागद देणाऱ्याला हे कधी कळणारच नाही. मग बसले, आणि सगळं पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप केलं, जे कुठेही मराठीच दिसतं. बोटांना इतक्या वर्षांची सवय होती, ‘क’ भलत्याच ठिकाणी शोधायची.

एक गोष्ट सांगायची राहिली. गाळा गोविंदाच्या नावावर आहे हे तुला माहीत आहेच. माझा दीर वाईट नाही, पण मागच्या आठवड्यात शटरला टेकून म्हणाला, “वहिनी, इथं दिवसभर गिऱ्हाईक नाही येत. आखजीपर्यंत पाहा, मंग मी मोबाइल कव्हरवाल्याले देतो.” मी म्हटलं, आखजीच्या आत मला नोकरी लागली तर? घरून करायची, म्हणजे इथूनच? त्याने शटरवर एकदा थाप मारली. मग म्हणाला, “लागली तर गाळा तुमचा.”

म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत. मला झोप येत नाही, आणि ते काळजीने नाही. कुणाला तरी सांगायचं होतं.

वंदना


मलकापूर, १४ जानेवारी, संक्रांत

गौसिया,

तिळगुळाची पुडी सोबत आहे. बोलू नकोस, पण खा.

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे, त्यामुळे मला मधे कुणी अडवत नाही. याचीही मजा आहे.

आज मला तुला गिट सांगायचं आहे. आपल्या जुन्या फाइलींची नावं आठव. ‘पाटील शेवटची’. ‘पाटील शेवटची नवीन’. ‘पाटील मावशी वाढली’. ‘पाटील खरी शेवटची’. आणि छापली गेली ती भलतीच! गिटमध्ये फाइल एकच राहते. प्रत्येक बदलाला तू एक ओळ लिहितेस, आज काय बदललं आणि का, आणि ती ओळ कायम राहते. कधीही मागे जाऊन बघता येतं, त्या दिवशी पान कसं होतं. डिंपल म्हणते, हे येत नसेल तर कुठलीच कंपनी आत घेणार नाही, कारण एकाच पानावर चार माणसं काम करतात आणि कुणी कुणाचं पुसायचं नाही. मला हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी मी नुसतं एक टिंब हलवून ओळी लिहीत बसले होते.

दुसरं म्हणजे लाल अक्षरं. काही बिघडलं की कॉम्प्युटर लाल अक्षरांत इंग्रजीतून काहीतरी म्हणतो. मी वर्षभर त्याला घाबरून पान बंद करायचे. डिंपल म्हणाली, “आंटी, तो शिव्या नाही देत. कोणत्या ओळीत चुकलं ते सांगतो. वाचा तर.” वाचलं. खरंच ओळीचा नंबर लिहिलेला असतो! आता लाल दिसलं की मी चष्मा लावून पुढे सरकते.

आणि आता मुख्य. छकुलीचं लग्न ठरलं. गोविंदाची छकुली, जी आपल्या कागदाच्या कात्रणांत झोपायची. मी गोविंदाला म्हटलं, पत्रिका मी करते, वेबसाइटवर. लोक लिंक उघडतील, नकाशा दाबला की हॉलचा रस्ता दिसेल, येणार की नाही ते तिथेच कळवता येईल. तो म्हणाला, “पैसे नाही लागत ना? मंग करा.” हे माझं दाखवायचं काम होईल. हीच लिंक मी कंपन्यांना पाठवणार.

पत्ता मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, एक एक अक्षर सुटं. लेकीला सांग, सफाला, टाइप करायला. तू बघणार नाहीस. सफा बघेल.

वंदना


मलकापूर, ९ फेब्रुवारी

गौसिया,

गोंधळ झाला. आणि असा झाला की आपल्याच मुलखात होऊ शकतो.

पत्रिका सोमवारी सगळीकडे पाठवली. दुपारपर्यंत मी राणी होते. छकुलीच्या मैत्रिणी, गोविंदाचे अडत्ये मित्र, सगळ्यांनी फोन केले. चारच्या सुमारास हिवरा आश्रमाहून छकुलीच्या मामाचा, वामनरावांचा फोन आला. तो सासूबाईंनी घेतला आणि स्पीकरवर टाकला, त्यांना कानाशी धरून ऐकू येत नाही.

“शालूबाई, पत्रिका भेटली. लय भारी हाय. फक्त एक सांगा, मी मेलो का?”

“काय बोलता वामनराव!”

“मंग माह्यं नाव कुठी हाय? खाली सरकून सरकून बोट दुखलं माह्यं. सारे काके झाले, सारे मावसे झाले, त्याहिचे पोरं झाले, आन् मंग मामा! हॉलच्या नकाशाच्या वर! मामाले तळाले टाकलं तुमी?”

मी पान उघडलं. कॉम्प्युटरवर सगळं बरोबर होतं, अगदी तू लावायचीस तसं: डावीकडे काकांचा रकाना, मधे मावशांच्या यजमानांचा, उजवीकडे मामांचा. तिघं एका उंचीवर, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मग मोबाइलवर बघितलं. मोबाइल अरुंद. तीन रकाने शेजारी मावत नाहीत, म्हणून ते एकाखाली एक जातात. हे मीच सांगितलं होतं त्याला, फार शहाणपणाने. डावा सगळा आधी, मग मधला, आणि उजवा सगळ्यात शेवटी.

मोबाइलवर मोठी अक्षरं लहान करून तीन रकाने बसवून पाहिले. मुंग्या दिसायला लागल्या. मामांचा रकाना आधी घेतला, तर काका खाली गेले, आणि काकांचा स्वभाव मामांपेक्षा सरळ आहे असं काही नाही.

संध्याकाळी गोविंदा आला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. “वहिनी, मामा म्हणते, मी छकुलीले मांडवात आणत नाही. ज्याचं नाव वर हाय त्याले आणू द्या.” मग शटरकडे बघून म्हणाला, “साधी कागदाची छापली असती तं हे झालं असतं काय?”

कागदाची छापली असती तर झालं नसतं. खरं बोलला तो. तीन दिवस झाले, मी त्याच पानासमोर बसले आहे, आणि कंपन्यांना पाठवायची ती लिंक अजून कुणालाच पाठवलेली नाही. ज्यात मामा तळाशी आहे ते काम मी कोणत्या तोंडाने दाखवू?

वंदना


१३ फेब्रुवारी

गौसिया!

काल सफाचा फोन आला तेव्हा मी भाकरी टाकत होते. तू म्हणशील, मी काही बोललेच नाही. बरोबर आहे. पण मला ते लिहून ठेवू दे, कारण असा फोन मला आयुष्यात आलेला नाही.

“मावशी, मी सफा. अम्मी म्हणते—”

मागून तू: “मी काय बी म्हनत नाही. तू तुझं सांग.”

“बरं, मी म्हणते. मावशी, तुम्ही रकाने उभे लावले म्हणून मामा खाली जातो.”

मागून: “इचार तिले, पत्रिका हातात घेतली का मानूस आधी काय पाह्यते?”

“मावशी, माणूस आधी काय पाहतो?”

“वरची ओळ,” मी म्हणाले.

“वरची ओळ म्हणतात, अम्मी.”

“मंग वरच्या ओळीत कोन कोन हाय?”

“मोठे काका, मोठे मावसे, वामनराव मामा,” मी सफाची वाट न बघता म्हणाले.

“मंग त्याहिले तसंच एकापाठी एक लाव म्हना. काका, मावसा, मामा. मंग दुसरी ओळ, काका, मावसा, मामा. आडवं तोड, उभं कायले तोडते? इतकी वर्सं माह्याजवळ बसून काय केलं हिनं?”

सफा हसायला लागली. “अम्मी, घे ना फोन, तूच बोल.”

“माह्ये हात पिठात हायेत.”

भाकरी जळली. मी तव्यावर तशीच टाकून गाळ्यात पळाले. तीन रकान्यांचे तीन डबे मोडले आणि सगळी नावं एकाच डब्यात ओळीने घातली: काका, मावसा, मामा, काका, मावसा, मामा. रुंद पडद्यावर तीन तीन शेजारी बसतात, पहिल्यासारखेच रकाने दिसतात. मोबाइलवर एकाखाली एक येतात आणि वामनराव पहिल्याच पडद्यावर, तिसरे! एवढंसं काम होतं. गिटमध्ये ओळ लिहिली: ‘नावं आडव्या क्रमाने, मामा वर. सुचवलं गौसियाने.’ कायम राहील ती आता. तुला पुसता येणार नाही.

आणि मग काय झालं ते तुला सांगितलंच पाहिजे, कारण ते समजणारी जगात तू एकटी आहेस. आठवतं, डोंगरे सरांच्या मुलीच्या पत्रिकेत तारीख चुकली होती, आणि आपण गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन एकेका पत्रिकेवर चिटोऱ्या चिकटवत बसलो होतो? अर्ध्या वाटून झाल्या होत्या, त्या कधीच दुरुस्त झाल्या नाहीत. काल मी एक बटण दाबलं, गौसिया, आणि वाटून झालेली पत्रिका सगळ्यांच्या घरात दुरुस्त झाली. हिवरा आश्रमात, जळगावात, छकुलीच्या सासरी सुरतेला. एकाच वेळी! मी खुर्चीत बसूच शकले नाही. गाळ्यात येरझारा घालत होते. सासूबाई म्हणाल्या, “काऊन फिरून राह्यली अशी? पोट दुखते का?”

वामनरावांना गोविंदाने पुन्हा लिंक उघडायला लावली. ते म्हणाले, “हाव. दिसलो आता.”

वंदना


मलकापूर, ८ मार्च

गौसिया,

छकुली मामाच्या हाताने मांडवात आली. वामनरावांनी जेवताना मला बोलावून घेतलं आणि शेजारच्याला म्हणाले, “हे बाई मोबाइलमधी पत्रिका छापते.” मी दुरुस्त करायला गेले नाही.

अर्ज सुरू केले आहेत. पुण्याच्या एका कंपनीने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या कंपनीतल्या मुलीने फोन केला, जन्मसाल विचारलं, आणि तिचा आवाज एकदम फार गोड झाला. मला कळलं. त्या दिवशी संध्याकाळी मी काहीच शिकले नाही, नुसती भांडी घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. डिंपलने माझा अर्ज बघून सगळी विशेषणं काढली. ‘कष्टाळू’, ‘जिज्ञासू’ सगळं गेलं. म्हणाली, “काय बनवलं, कुठे अडकलं, कसं सुटलं, एवढंच लिहा.” अर्ज निम्मा झाला आणि मला तो प्रथमच माझा वाटला.

सफाने परवा पुन्हा फोन केला होता, कॉलेजातून, तुला न सांगता. रागावू नकोस तिच्यावर. मी तिला सरळ विचारलं, अम्मीला बोर्डावरचं नाव काढून का हवं होतं? मला वाटत होतं की तुला माझ्याशी नाव जोडलेलं नको. सफा म्हणाली, “मावशी, बोर्डावर अम्मीचा नंबर आहे ना. लोक फोन करायचे, पत्रिकेचा भाव काय म्हणून. अम्मी त्यांना सांगायची, बंद झालं. आणि मग फोन उशीखाली ठेवून द्यायची.”

काल रंगाऱ्याला बोलावलं. तुझा नंबर पुसला. नाव ठेवलं आहे. त्यावर भांडायचं असेल तर भांड.

वंदना


मलकापूर, २८ मार्च

गौसिया,

अकोल्याच्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं! शाळा, पतसंस्था, बाजार समित्या यांच्या वेबसाइट करतात. छोटी कंपनी आहे, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. मी सकाळच्या पॅसेंजरने गेले. निळी साडी नेसले, जिच्यात मी शाळेतल्या बाईंसारखी दिसते असं तू म्हणायचीस.

समोर प्रसेनजित नावाचे गृहस्थ, तिशीतले, शांत. मला ‘मॅडम’ म्हणाले आणि मग विसरून ‘ताई’. पहिला प्रश्न वयाचा असेल म्हणून मी उत्तर पाठ केलं होतं. तो आलाच नाही. म्हणाले, “ही पत्रिका तुम्ही केली? यात सगळ्यात जास्त कशानं सतावलं?”

मी मामा सांगितला. पहिल्यापासून. “मी मेलो का” इथे ते पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. म्हणाले, “माह्या लग्नात बी मामा रुसला होता, ताई. त्याचा फोटो लहान आला म्हणून.” मग लगेच गंभीर झाले. कोड उघडायला लावला, ओळीओळीने विचारलं. हे का, ते का, स्क्रीन यापेक्षा अरुंद झाली तर काय होईल. सगळं सांगता आलं. आपल्या हाताने तोडून जोडलेलं होतं, सांगता न यायला काय झालं?

“हा क्रम आडवा करायचं तुम्हाला सुचलं?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या भागीदारणीला. कोड माझा आहे.”

त्यांनी मान हलवली आणि पडद्यावरच्या गिटच्या ओळीकडे बघितलं. तुझं नाव त्यांनी वाचलं, गौसिया. मोठ्याने.

मग एक बिघडलेलं पान दिलं, शाळेच्या प्रवेशाचं, बटण चालत नव्हतं. मी लाल अक्षरं उघडली, नंबर वाचला, त्या ओळीवर गेले. बटणाचं नाव एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. दुरुस्त केलं. चाललं. मनातल्या मनात टाळी वाजवली.

शेवटचा प्रश्न मला आला नाही. दुसऱ्या ठिकाणाहून माहिती मागवायची असते, ती येईपर्यंत पान कसं थांबवायचं, असं काहीतरी. म्हटलं, “मला हे येत नाही.”

“शोधता येईल?”

“आत्ता?”

“आत्ताच. मी बसलो आहे. काय शोधता ते मोठ्याने बोला.”

मग मी त्यांच्यासमोर शोधलं. काय टाइप करते, कोणतं उत्तर जुनं म्हणून सोडते, कोणतं करून बघते. अर्धवट चाललं. पूर्ण नाही. मी तसं सांगितलं की हे अर्धंच झालं आहे आणि इथे मला कळत नाही. ते म्हणाले, “ज्युनिअर अडकतोच. अडकल्यावर सांगतो का लपवतो, ते पाहाचं होतं मले.”

आठवड्यात कळवतील. परतीच्या गाडीत मी उभी होते आणि मला पाय दुखल्याचं आठवतच नाही. शेगावला गर्दी चढली, एका बाईने विचारलं, “दर्शनाहून आल्या का?” माझा चेहराच तसा होता म्हणे.

वंदना


मलकापूर, ११ एप्रिल

गौसिया,

लागली.

ज्युनिअर वेब डेव्हलपर. पहिले काही महिने हात बघतील, मग पक्की. बुधवारी अकोल्याला जायचं, बाकी दिवस इथून, गाळ्यातून. गोविंदाला सांगितलं तेव्हा तो खरंच हसला, आणि म्हणाला, “मंग कव्हरवाल्याले नाही सांगतो. पन माह्या अडतीचं बी एक पान करून द्या.” शालूबाईंनी पेढे वाटले. प्रत्येकाला सांगतात की सुनेला इंटरनेटात नोकरी लागली, आणि हाताने वर आकाशाकडे दाखवतात.

चार दिवस काम केलं. माझं पहिलं पान मी पाठवलं आणि तासाभरात ते शेऱ्यांनी भरून परत आलं. इथे नाव स्पष्ट दे. हे दोनदा लिहिलं आहेस. इथे बटण अंगठ्याला लहान पडतं. त्या कार्यालयातली मुलं मला सांभाळून विचारत होती, वाईट नाही ना वाटलं? मी त्यांना काय सांगू? किती दिवसांनी माझं काम कुणीतरी वाचलं होतं. तू गेल्यापासून मी जे करत होते ते एकटीच बघत होते, आणि आपली चूक आपल्याला कधीच दिसत नाही. ते शेरे मी दोनदा वाचले.

आता खरं ते लिहिते. प्रसेनजितनी काल विचारलं, त्या आडवं तोडणाऱ्या ताई कुठे असतात? त्यांच्याकडे पानं तयार होतात, पण लोकांच्या हातात जाण्याआधी मोबाइलवर उघडून, ओळन्‌ओळ मराठीत वाचून, कुठे काय मोडतं, कुठला मामा तळाशी गेला ते सांगणारं माणूस नाही. कोड यावा लागत नाही. डोळा लागतो आणि तोंडावर सांगायची सवय लागते. लोणारमधून, घरून होईल. त्यांनी तुझा नंबर मागितला. मी दिला नाही. तुझा नंबर एकदा तुला नको तिथे राहिला होता, आता तुला विचारल्याशिवाय कुणालाच देणार नाही.

तर विचारते. हे काम करशील? माझ्यासाठी नको करूस. तशी वेळ गेली असेल. पण तू सफाच्या मोबाइलवर माझं पान उघडलंस, खालपर्यंत वाचलंस, आणि पिठाच्या हातांनी ते मोडून पुन्हा लावलंस. त्या संध्याकाळी फोनमधून मला तुझा आवाज आला तो बंद झालेल्या बाईचा नव्हता.

तू नाही म्हणशील. मला माहीत आहे, तुझी सगळी कारणंही माहीत आहेत: तुझ्या यजमानांचं, कय्यूमभाईंचं दुकान, गुडघे, आता कुठे नवीन सुरू करायचं. मी ती एकेक करून खोडू शकते, पण खोडणार नाही. एवढंच मागते, आणि हेही तू देणार नाहीस असं वाटतं तरी मागते: नाही म्हणायचं ते सफाच्या तोंडून पाठवू नकोस. हात धू, माझा नंबर उघड, आणि तू स्वतः मला नाही म्हण.

वंदना